घण आणि ठसा

नट सोडवायचा पाना आणि भांगलणीचे खुरपे ही दोन्ही पोलादाचीच हत्यारे, पण त्यांचा जन्म वेगवेगळ्या घरी होतो. पाना कारखान्यात होतो. तापलेला पोलादाचा तुकडा खालच्या ठशातल्या खाचेवर ठेवतात, वरचा ठसा यांत्रिक हातोड्यासकट त्यावर कोसळतो आणि मोजक्या ठोक्यांत पान्याचा आकार उमटतो. खुरपे मात्र अजूनही पुष्कळ गावांत लोहाराच्या ऐरणीवर घडते. आता कुऱ्हाडी, टिकाव, कुदळीही ठशातून निघून बाजारात येतात आणि लोहाराकडे उरते ते बहुधा धार लावण्याचे, डागडुजीचे काम.

यात आपण काय मिळवले आणि काय गमावले, याची दोन तयार उत्तरे आहेत. एक म्हणते, हे होणारच होते. सारखा, मजबूत आणि स्वस्त माल मिळतो आहे, मग रडायचे कशाला? दुसरे म्हणते, हाताचे ते खरे, यंत्राचे ते निर्जीव. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात, कारण दोन्हींत काम कसे चालते याची चौकशीच नाही. म्हणून या दोन बाजू इथे समोरासमोर बसवल्या आहेत. मामा सातारा जिल्ह्यातल्या एका गावचे लोहार आहेत. भाची टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा करून एका फोर्जिंग कारखान्यात ठसे तयार करते. तिच्याकडे कुदळीचा नवा ठसा करायचे काम आले आहे, आणि ती आजोळी आली आहे.

मामा: ठसा म्हणजे एकदा विचार करायचा आणि पुढे डोळे मिटून ठोकत राहायचे. माझ्याकडे प्रत्येक नगाला नवा विचार लागतो. तुकडा कुठे जास्त तापला, कुठे कमी, हे बघून पुढचा घाव कुठे घालायचा ते ठरते. मग कारागीर कोण, मी की तुझा तो हातोडा?

भाची: एकदाच विचार करतो हे खरे, पण तो विचार केवढा असतो ते ऐका. मला थंड झाल्यावर 200 मिलिमीटर भरणारा पाना हवा असेल, तर ठशात खाच सुमारे 203 मिलिमीटरची ठेवावी लागते. पोलाद आम्ही 1200 अंश सेल्सियसच्या आसपास तापवतो आणि निवताना ते शंभराला दीड या हिशेबाने आकसते. खाचेच्या भिंती सरळ उभ्या केल्या तर नग आत रुतून बसतो, म्हणून त्यांना 5 ते 7 अंशांचा उतार द्यायचा. कोपरे टोकदार ठेवले तर ठशाला तिथूनच चीर जाते, म्हणून ते गोलसर करायचे. ठसाही आधी दीडशे-दोनशे अंशांपर्यंत गरम करायचा, नाहीतर गार ठशावर लालभडक पोलाद पडले की तो तडकतो.

मामा: आणि खाच भरते कशी? मी घाव घातला की धातू बाजूला पळतो. तुझ्या ठशातही तो बाहेरच पळणार.

भाची: बरोबर ओळखलेत. म्हणून आम्ही लागतो त्यापेक्षा थोडा जास्त धातू घेतो. दोन्ही ठसे जवळ येतात तेव्हा जादा धातू त्यांच्यामधल्या बारीक फटीतून बाहेर पसरतो. त्या पातळ कडेला आम्ही फ्लॅश म्हणतो. फट अरुंद असल्यामुळे ती कड झटकन निवते आणि कडक होते. मग आतल्या धातूला बाहेर पडायची वाटच राहत नाही, दाब वाढतो आणि तो खाचेच्या कोनाकोपऱ्यांत शिरतो. नंतर ट्रिमिंग प्रेसवर ती कड कापून टाकतात. फट किती जाड आणि किती रुंद ठेवायची, यावर सगळा नग अवलंबून असतो. जाडी जास्त ठेवली तर कोपरे उपाशी राहतात, कमी ठेवली तर ठसा फुटतो.

मामा: म्हणजे माल वाया घालवूनच नग होतो.

भाची: सहज पाचवा हिस्सा कडेत जातो. तो पुन्हा वितळवला जातो, पण तापवायला लागलेली ऊर्जा गेली ती गेलीच. हा दोष मी झाकणार नाही. तुमच्या ऐरणीवर खपलीखेरीज काही वाया जात नाही.

मामा: कारण मी धातू कापत नाही, सरकवतो. कुदळीचे टोक लांबवायचे तर जाडीतला माल पुढे ओढायचा. दांड्याचे नेढे करायचे तर आधी तिथे माल गोळा करायचा, मग सुंबा ठोकून भोक पाडायचे आणि फुगवत न्यायचे.

भाची: आम्हीही तेच करतो. पाना एका ठोक्यात होत नाही. आधी सळईचा मधला भाग ओढून बारीक करतात, दोन्ही टोकांना माल राखतात, मग पहिल्या खाचेत ढोबळ आकार आणि शेवटच्या खाचेत पक्का आकार येतो. तुमच्या हाताच्या हालचालीच टप्प्याटप्प्याने पोलादात कोरलेल्या आहेत. आणि ठसा तुम्हालाही परका नाही. सळई गोल करायला तुम्ही गोल खाचेचा ठोकळा वापरता, तो अर्धा ठसाच आहे. शिवकाळातली तांब्याची शिवराई हाताने ठसा ठोकूनच पाडलेली असायची. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा म्हणून कित्येक नाण्यांवर अक्षरे अर्धवटच आली आहेत.

मामा: नाण्याला कुठे जमीन खणायची असते? त्यावर छाप दिसला की झाले. हत्यारावर माणसाचा जोर येतो.

भाची: म्हणूनच मी ठशाच्या बाजूने बोलते. ओतीव आणि घडीव यांतला फरक तुम्हीच मला शिकवलात.

मामा: तो फरक आहेच. किर्लोस्करवाडीचा नांगर ओतकामातून आला आणि त्याने शेतीचे रूप पालटले, त्याबद्दल मला आदर आहे. ओतीव बिडाच्या फाळावर जमिनीचा सरळ दाब येतो, तिथे ते टिकते. पण बिडाची पहार करून दगडात घाल, पहिल्या हिसक्याला दोन तुकडे होतील. घावाखाली लोखंड सुधारते.

भाची: त्याचे कारण असे. सळई लाटताना पोलादाच्या आत बारीक रेषा तयार होतात, लाकडाच्या उभ्या रेषांसारख्या. जाड पट्टीतून पान्याचा आकार नुसता कापून काढला तर जबड्यापाशी त्या रेषा तुटतात, आणि नेमका तिथेच सगळा जोर येतो. ठशात दाबून घडवला तर रेषा आकाराबरोबर वळतात, जबड्याला वळसा घालून जातात. म्हणून घडीव पाना बारीक असूनही दम धरतो. तुमच्या घणाने हेच होते, माझ्या ठशानेही हेच होते. फरक जोराचा आहे. 5 किलोचा घण अंगातला सगळा जोर लावून आणला तरी त्या घावात दीडेकशे ज्यूल ऊर्जा असते. 1 टनाचा हातोडा 1 मीटरवरून पडला की 9,800 ज्यूल. जाड नगाच्या गाभ्यापर्यंत तो घाव पोचतो. हलका घाव वरचा थर दाबतो, आत धातू आहे तिथेच राहतो.

मामा: जोराचे म्हणतेस, तर तुझ्या मामीने माझ्यासमोर उभे राहून वर्षानुवर्षे घण मारला आहे. घिसाड्यांच्या बायका रस्त्याच्या कडेला पाल टाकून घण मारतात, नवरा सांडशी धरून नग फिरवतो. त्या बायकांच्या घावाची लय बघितलीस? एकही घाव वाकडा पडत नाही.

भाची: बघितली आहे. आणि मामीचा खांदा आता वर होत नाही, तेही बघितले आहे. घावाची लय सगळे वाखाणतात, पण खांद्याची किंमत कुणी विचारली? माणसाच्या सांध्यांनी पोलाद दाबण्याचा काळ संपला तर मला आनंद आहे. मी डाय-विभागात काम करते ते यंत्राने जोराचे काम उचलले म्हणूनच.

मामा: खांद्याचे मी नाकारत नाही. पण तुझ्या ड्रॉप हॅमरच्या शेजारी जन्म काढलेल्या माणसाशी कधी बोलली आहेस? एक गोष्ट तीनदा सांगावी लागते त्याला. माझ्या भट्टीने खांदा खाल्ला, तुझ्या हातोड्याने कान खाल्ले.

भाची: हे खरे आहे. कळवणे बंधनकारक असलेल्या व्यावसायिक रोगांची यादी कायद्यात आहे, तिच्यात गोंगाटाने येणारा बहिरेपणा आहे. कायदा आहे, पण उकाड्यात कानावरचे मफ काढून ठेवणारे कामगार आणि तिकडे दुर्लक्ष करणारे पर्यवेक्षक दोन्ही मी पाहिले आहेत. जिथे पडत्या हातोड्याच्या जागी प्रेस आला तिथे दणका कमी झाला, जमिनीचे हादरेही कमी झाले. तुमच्या भट्टीवर असा बदल कोण करणार? कारखान्याकडे निदान मागणी करता येते.

मामा: मान्य. मागणी करायला समोर कुणीतरी मालक लागतो. आमचा मालक आम्हीच.

भाची: आता पान्याचे बोला. पाना हाताने घडवावा असे तुम्ही म्हणाल का?

मामा: नाही. मी स्वतः पाना विकतच आणतो. नटाला तो घट्ट बसला नाही तर नटाचे कोपरे जातात आणि हात सोलतो तो वेगळाच. तिथे तुझा ठसाच पाहिजे.

भाची: कारण नट आधीच ठरलेला असतो. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये स्क्रूच्या आट्यांचे एकच माप मांडले आणि तिथून पुढे एका गावचा बोल्ट दुसऱ्या गावच्या नटात बसू लागला. मग पानाही ठरलेल्या मापाचा लागणार. अमेरिकेत हार्टफर्ड गावी कोल्टच्या बंदूक कारखान्यात एलिशा रूटने 1850 च्या दशकात ठशाचे हातोडे बसवले. एका बंदुकीचा भाग दुसऱ्या बंदुकीला बसला पाहिजे ही त्यामागची गरज होती. त्याच कारखान्यात हात बसलेल्या चार्ल्स बिलिंग्जने पुढे हार्टफर्डमध्येच ठशातून पाने आणि इतर हत्यारे काढायचा धंदा उभारला. आपल्याकडे साठच्या दशकात मुंढव्याला भारत फोर्ज उभी राहिली ती वाहनांच्या भागांसाठी. हत्यारे म्हणाल तर नाशिकची टपारिया आणि जालंधर-लुधियानाचे कारखाने. आणि ठरलेल्या मापात कोनही येतो: उघड्या तोंडाच्या पान्याचा जबडा दांड्याशी 15 अंश कललेला असतो, तुम्ही वापरता तोही.

मामा: अडचणीच्या जागी पाना उलटा करून लावला की नट पुन्हा पकडीत येतो, तो त्यामुळेच ना?

भाची: त्यामुळेच. नटाला 6 बाजू, म्हणजे एका बाजूपासून दुसरीपर्यंत 60 अंश. 15 अंशांचा कल असला की पाना उलटसुलट करत 30 अंशांच्या जागेतही नट फिरवता येतो. हे 15 अंश हजारो नगांत जसेच्या तसे हवेत. हात कितीही तयार असो, त्याच्याकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

मामा: म्हणजे पान्याचा वाद मिटला. आता कुदळीकडे ये. तू कसली कुदळ करणार आहेस?

भाची: विक्री विभागाने एक नमुना दिला आहे. मधल्या वजनाची, मध्यम रुंदीच्या पात्याची.

मामा: कोणासाठी?

भाची: सगळ्यांसाठी.

मामा: इथेच तुझा ठसा अडतो. काळ्या रानात चालणारी कुदळ मुरमात नेली तर पाते मुडपते. मुरमाला टोक अरुंद आणि जाड लागते. कोकणात जांभ्यात काम करणारा माणूस वेगळी मागतो. पाते दांड्याकडे किती वळलेले असावे हे माणसाच्या उंचीवर आणि तो वाकून खणतो की उभ्याने घाव घालतो यावर ठरते. गिऱ्हाईक माझ्याकडे येते तेव्हा मी आधी त्याला विचारतो की काम कुठे चालले आहे. तुमचा हिशेब सरासरी माणसासाठी. सरासरी माणूस माझ्या भट्टीवर आजवर आला नाही.

भाची: यावर माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. प्रत्येक जमिनीसाठी वेगळा ठसा करता येईल, पण ठशाचे पोलाद महाग, तो कापायला वेळ फार, आणि तो खर्च हजारो नगांवर फेडावा लागतो. पाचशे माणसांना लागणाऱ्या कुदळीसाठी कुणी ठसा करत नाही. म्हणून मधला नमुना निघतो.

मामा: आणि तो मधला नमुना स्वस्त पडतो म्हणून सगळे घेतात, मग वाकून वाकून कंबर धरते. माझी एक कुदळ बिघडली तर एका माणसाला त्रास होतो, तो दुसऱ्या दिवशी येऊन मला चार शब्द सुनावतो, मी ती सुधारून देतो. तुझा ठसा चुकला तर चूक हजारोंनी विकली जाते आणि सुनावायला माणूस जाणार कुणाकडे?

भाची: तुमची चूक लवकर सुधारते हे खरे, पण ती सापडतेच असे नाही. तुम्ही कुदळ कशाची करता?

मामा: ट्रकच्या पाट्याची. जुन्या कमानीचे पाटे मिळतात, त्यांच्यासारखे पोलाद नाही.

भाची: कमानीचे पाटे चांगलेच, कारण ते मुळात एका ठरावीक जातीचे, कारखान्यातून तपासून आलेले पोलाद असते. पण पाटे नसले की? बांधकामाची उरलेली सळई, कुठल्या यंत्राचा तुटका दांडा. त्यात कार्बन किती आहे ते कळत नाही. कार्बन कमी असला तर कितीही पाणी द्या, टोक मऊच राहते. जास्त असला तर तेच पाणी दिल्यावर ते काचेसारखे कडक होते आणि दगडावर आपटल्यावर कपची उडते. ती डोळ्यात गेली तर? आमच्याकडे प्रत्येक खेपेतले नग काढून कडकपणा मोजतात. आकडा बसला नाही तर ती खेप बाहेर जात नाही.

मामा: मी सहाणेच्या चाकावर ठिणगी बघतो. ठिणगी फुटून तिला फाटे आले तर पोलाद कडक जातीचे, नुसतीच लांब रेघ निघाली तर मऊ.

भाची: ती परीक्षा खरी आहे, आम्हालाही शिकवतात. पण ती तुमच्या डोळ्यांवर चालते, आणि तुमच्या आळीत ती परीक्षा येणारे आता किती राहिले आहेत?

मामा: दुसरा कोणी नाही. हे मला बोचते. पण पाणी देण्याबद्दल एक सांगतो. टोक लाल करून पाण्यात बुडवायचे, बाहेर काढून घासून चकचकीत करायचे आणि मागची धग पुढे येऊ द्यायची. रंग आधी गवती पिवळा येतो, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. छिन्नीला जांभळ्यावर थांबवायचे, कुदळीला निळ्यापर्यंत जाऊ द्यायचे. टोक कडक आणि अंग चिवट, असे दोन स्वभाव एकाच हत्यारात उतरतात. तुझ्या भट्टीत शंभर नग एकदम जातात, सगळ्यांचे सगळे अंग एकसारखे कडक.

भाची: नुसते टोक तापवून कडक करायची सोय आमच्याकडेही आहे, विजेच्या वेटोळ्याने. पण ती वापरायची की नाही हे किंमत ठरवते. आकार ठशाने द्या नाहीतर घणाने, हत्याराचा स्वभाव शेवटी पाणी देण्यात ठरतो यावर आपले एकमत आहे. त्यावर खर्च करायला कोण तयार असते, एवढाच प्रश्न आहे.

मामा: बाजारातला ऊसतोडीचा कोयता तरी तू ठशात घडवतेस का?

भाची: नाही. पातळ पाते ठशात भरायच्या आत निवते. त्यामुळे बाजारातले बरेचसे कोयते पत्र्यातून नुसते कापून काढलेले असतात. त्यात घडण नावालाच. कोयत्यात तुम्ही माझ्या पुढे आहात.

मामा: मग खरे दुखणे सांगतो. घण गेल्याचे मला तेवढे वाईट वाटत नाही. पूर्वी गावोगाव एक लोहार होता, बलुतेदार होता. त्याला वर्षाचे धान्य मिळायचे आणि त्या बदल्यात गावाचे फाळ, कुळवाच्या फासा, कुदळी शेवटून, म्हणजे झिजलेले टोक पुन्हा घडवून, द्यायच्या. बलुतेदारीत अन्याय होता. पायरी ठरलेली होती, धान्य देणाऱ्याच्या मर्जीवर होते, ते परत यावे असे मी म्हणणार नाही. पण हत्यार कसे असावे याचे शहाणपण त्या वेळी हजारो गावांत वाटलेले होते. ठशाने ते गोळा केले आणि एका खोलीत नेऊन ठेवले. त्या खोलीची किल्ली तुझ्याकडे आहे, म्हणून मला बरे वाटते. पण तुझ्या जागी कुदळ हातात न धरलेला माणूस असेल तर?

भाची: बहुतेक ठिकाणी तोच असतो. पूर्वीचे ठसे कापणारे कारागीर छिन्नी-कानशीने खाच कोरायचे, मधूनमधून त्यात शिसे ओतून आकार तपासायचे. त्यांच्या हाताला धातू कळायचा. आता आकार संगणकावर काढतात आणि यंत्र तो कापते. माप अधिक अचूक आले, पण मातीशी ओळख तुटली. यावर मला एक वाट दिसते. जर्मनीत झोलिंगेन नावाचे शहर आहे, कात्र्या आणि सुऱ्यांसाठी जगभर ओळखले जाणारे. तिथे हेंड्रिक्स यांचा ठशाच्या घडाईचा कारखाना 1886 मध्ये सुरू झाला आणि 1986 पर्यंत चालला. आज ते उद्योग-संग्रहालय आहे. त्या कारखान्यातून तयार कात्री निघतच नव्हती. निघायची ती घडीव कच्ची पाती. पुढचे घासणे, धार, जुळवणी हे बरेचसे काम शहरातले आणि आजूबाजूचे स्वतंत्र कारागीर करायचे, पुष्कळजण स्वतःच्या घरी. जोराचे काम ठशाने केले आणि पारखीचे काम हाताकडे राहिले.

मामा: आणि त्या आधी पाती घडवणारे लोहार? त्यांचे काय झाले?

भाची: त्यांचे काम गेले. धार लावणारे टिकले, घडवणारे टिकले नाहीत.

मामा: हे तू आधी सांगितले नाहीस.

भाची: कारण मला वाटेचा शेवट दाखवायचा होता. पण तुमचा प्रश्न टाळता येत नाही. तसा कारखान्यातून कच्चा नग तुमच्याकडे आला तर सळईपासून कुदळ घडवायची विद्या हळूहळू जाईल. तुमच्या हाताखाली उद्या कुणी आलाच तर तो शेवटचा अर्धा भाग शिकेल.

मामा: आज तर एकही भाग शिकायला कोणी येत नाही. त्यापेक्षा अर्धा बरा, हे मी समजतो. पण माझ्या अटी आहेत. कच्च्या कुदळीला नेढे तू घडवून दे, कारण ते घणाने करताना माणूस सगळ्यात जास्त दमतो आणि तिथेच भेग राहण्याची भीती असते. पात्याला मात्र माल जादा राख, म्हणजे मी तो मातीप्रमाणे ओढू शकेन, वळवू शकेन. पाणी देऊ नकोस, ते मी देईन. आणि नगावर पोलादाची जात कोर, म्हणजे पाच वर्षांनी ती शेवटायला आली तर कुणालाही कळेल की हिला किती तापवायचे.

भाची: पहिल्या दोन अटी ठशात बसवता येतात. जात कोरायची म्हणजे खाचेत चार अक्षरे जास्त, त्याला खर्च जवळपास नाही. पण पाणी तुम्ही दिले आणि टोक तुटले तर जबाबदारी कुणाची, हे कंपनी पहिल्यांदा विचारेल.

मामा: ज्याने पाणी दिले त्याची. मीही माझा ठसा मारीन त्यावर. नाव लावल्याशिवाय जबाबदारी येत नाही.

भाची: झोलिंगेनने तेच केले. त्या शहराचे नाव कुठल्या मालावर घालता येईल, याचा कायदाच तिथे 1938 मध्ये झाला. तुम्ही म्हणता त्यात एक भर घालते. कापण्याआधी ठशाचा लाकडी नमुना घेऊन मी इथे येईन आणि तुम्ही सांगाल ते बदल लिहून नेईन. कंपनीने त्याची फी तुम्हाला दिली पाहिजे, सल्लागाराला देते तशी.

मामा: फी कंपनी देईल असे मला वाटत नाही.

भाची: मलाही खात्री नाही. पण मागितल्याशिवाय सोडणार नाही.

इथे दोघांचे सगळे मिटले असे मी म्हणणार नाही. मामांची भीती खरी आहे: ठसा काम वाटून देतो तेव्हा मोठा वाटा स्वतःकडे ठेवतो, आणि उरलेला अर्धा भागही उद्या कारखान्यात जाणार नाही याची हमी कुणी दिलेली नाही. भाचीचे म्हणणेही तितकेच खरे आहे. माणसाच्या खांद्याने करायचे काम यंत्राने उचलले, पोलाद मोजून-तपासून वापरात आले, या गोष्टी मागे फिरवाव्यात असे घण मारलेला माणूस सहसा म्हणत नाही. बघ्यालाच तसे वाटते.

माझे मत या संभाषणातून असे पक्के झाले आहे की घण की ठसा हा प्रश्नच हत्यारागणिक वेगळा विचारायला हवा. जे हत्यार ठरलेल्या मापाच्या वस्तूवर चालते, त्यात फरक म्हणजे दोष. पाना, पक्कड, सॉकेट ठशातूनच यावेत आणि काटेकोर यावेत. जे हत्यार जमीन आणि माणसाचे अंग यांच्यामध्ये काम करते, त्यात फरक ही गरज आहे. तिथे ठशाने जोराचे काम करून थांबावे आणि शेवटचा आकार, शेवटचे पाणी त्या भागातल्या जाणत्या हाताकडे सोडावे.

हे आपोआप होणार नाही. 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत लोहार आहे, आणि अवजारांच्या संचासाठी 15,000 रुपयांपर्यंतची मदत आहे. ही मदत हवीच. पण नवा हातोडा हाती आला तरी काम आले नाही तर लोहार टिकणार नाही. त्याला लागते ते जात माहीत असलेले चांगले पोलाद, अर्धवट घडवलेला नग आणि त्याच्या पारखीला मिळणारा दाम. दुसऱ्या बाजूला, आयटीआयमध्ये टूल अँड डाय मेकरचा अभ्यासक्रम घेणाऱ्या मुलामुलींना काही आठवडे चालत्या भट्टीवर बसवले, तर कुदळीचा ठसा कापताना ती कुठल्या मातीत जाणार हे त्यांना विचारावेसे वाटेल. ठसा कापणारा माणूस त्याला कधी न भेटणाऱ्या हजारो लोकांच्या कंबरेचा आणि हाताचा निर्णय घेत असतो. म्हणून त्यांतल्या काहींना तरी त्याने आधी भेटले पाहिजे, आणि त्यांच्याकडून शिकल्याचे पैसे मोजले पाहिजेत.